ओली कड

"सिंधे, वाळू हातानं काढ. लोखंड लावू नको. ओल लागली की गप बस. पाणी आपण होऊन येतं."

माहेरी तेरणेच्या पात्रात आईनं हे सांगितलं तेव्हा सिंधू परकरात होती. पुढं लग्न होऊन ती तिरू नदीच्या काठाला, जळकोटजवळच्या गावात नांदायला आली. लेक शिल्पा अंगावर पीत होती त्या वर्षी भूकंप झाला आणि माहेरचं माळवद खाली बसलं. आई त्याच्याखाली राहिली. ढिगाऱ्यातून सिंधूच्या वाट्याला ना लुगडं आलं ना तांब्या. आवाज तेवढा राहिला. उन्हाळ्यात झिऱ्यावर बसलं की तो कानाशी यायचा.

आजही आला. पण आज झिऱ्यात तिचा नवरा उतरला होता, हातात पहार घेऊन.

शिवरात्र होऊन गेली होती. नदी वाहायची थांबून बरेच दिवस झाले होते. वाळूत जागोजागी बायकांचे झिरे होते. गुडघाभर खड्डा, तळाला ओंजळभर पाणी, वर जनावरानं तोंड घालू नये म्हणून बाभळीची फांदी. पहाटे यायचं, रातभर साचलेलं पाणी करवंटीनं उपसून चहूअंगाला फेकायचं, मग ताजं पाझरू द्यायचं आणि फडक्यातून गाळत घागर भरायची. फेकलेल्या पाण्यानं झिऱ्याची कड ओली होते. कड ओली म्हणजे झिरा चालता.

ही कड गेल्या सालापासून फार महत्त्वाची झाली होती. लातुरात शिकवण्यांना जिकडतिकडची पोरं लोटली, शिल्पाही त्यांच्यातच गेली; या पोरांना राहायला माड्यांवर माड्या चढू लागल्या आणि तिरूची वाळू ट्रॅक्टर भरून तिकडं जाऊ लागली. तेव्हा गावातल्या बायका ट्रॅक्टरपुढं जाऊन बसल्या होत्या. मग मारुतीच्या पारावर ठरलं की, चालत्या झिऱ्याजवळ हाकेच्या अंतरात ट्रॅक्टर लावायचा नाही. दिवस वर आला आणि कड कोरडी दिसली तर तो झिरा मेला. तिथं खुशाल खोरं लावावं. ट्रॅक्टरवाला सटवाजी रोज उन्हं यायच्या सुमाराला पात्रातून एक चक्कर मारायचा तो कडा बघायलाच.

सिंधूचा नवरा विरूपाक्ष त्याच सटवाजीच्या ट्रॅक्टरवर वाळू भरायला होता. पोटापुरतं कोरडवाहू शेत, ते यंदा पिकलं नाही. अंगात ताकद होती, ती खोऱ्याला लावली. त्यानं विहिरीला बसवतात तसं सिमेंटचं एक गोल कडं सटवाजीच्याच ट्रॉलीतून आणून झिऱ्याच्या काठाला उतरवलं होतं.

"आई म्हनायची लोखंड लावू नये," सिंधू हळूच म्हणाली.

"तुझ्या आईच्या वक्ताला नदीत वाळू किती व्हती?" विरूपाक्षानं पहार मारत म्हटलं. "आता कमरेइतकी बी ऱ्हायली न्हाई. पानी खाली गेलंय, मान्सानंबी खाली जावं. किल्लारीकडं घरं बांधायला व्हतो तवा अशी कितीक कडी ओतली मी. बघ तू, वरीसभर पानी सरनार न्हाई."

वाळू संपली, काळी चिकण माती लागली. पहार तिच्यात लोण्यात जावी तशी गेली. विरूपाक्षानं ती काढली तसं त्या भोकातून पाणी बदबदा वर आलं. घोटे बुडाले, पोटऱ्या भिजल्या. तो लहान पोरासारखा हसला. कडं सरकवून खाली बसवलं, वर येऊन त्यानं तोंडावर पाण्याचा हबका मारला.

"आता बोल!"

सिंधूनं ओणवून बघितलं. पाणी नितळ होतं, भरपूर होतं. करवंटी नको, फडकं नको. घागर नुसती बुडवायची.

दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ शिजेना. जाळ घातला, झाकण ठेवलं, डाळ आपली टणक ती टणक. चहा फाटला.

नागुबाईंना, म्हणजे सासूला, ते आधीच कळलं होतं. नागुबाईंचा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी वाहायचं, बेल वाहायचा, तीर्थ घ्यायचं. त्याशिवाय अन्न नाही. त्या दिवशी त्यांनी तीर्थ तोंडात घेतलं आणि त्यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. तीर्थ थुंकता येत नाही. त्यांनी ते गिळलं, डोळे मिटले, पूजा पुरी केली, लिंग परत गळ्यात बांधलं आणि मगच म्हणाल्या,

"विरूपाक्षा, पानी खारं हाय रे."

"नवं पानी हाय अव्वा. उपसलं की गोड व्हईल."

त्यानं तीन दिवस उपसलं. हाताला फोड होतेच, ते फुटले. पाणी जितकं उपसावं तितकं खारट येत होतं. चिकण मातीचा थर गोड पाण्याला खालून ओंजळीसारखा धरून होता. ती ओंजळच फुटली होती. त्यानं चिखल कोंबून बघितला, पोत्यात माती भरून दाबून बघितली. शेवटी कड्यावर धोंडा ठेवून घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. सकाळी ट्रॅक्टरवरचे गडी त्याला 'शिमिटवाले' म्हणून हाका मारायला लागले. तो हसून घ्यायचा. संध्याकाळी घरी आला की पायावर पाणी घ्यायलासुद्धा मागायचा नाही.

टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी यायचाही नाही. धरणाच्या तळाचं पाणी, शेवाळाचा वास. घरची दोघं ते पीत होती. नागुबाई पूजेला ते घेईनात.

"त्येच्या पायपाला आत कातडं असतंय," त्या म्हणायच्या. "मला चालत न्हाई. तुमी प्या, मी कुठं नको म्हनतेय?"

त्या कोरडीच पूजा करायच्या, विभूती आणि बेल. आणि पूजा पुरी झाली असं त्यांच्या मनाला वाटत नसल्यामुळं अन्न घ्यायच्या नाहीत. दिवसातून पेलाभर म्हशीचं दूध. म्हैसही आटत आली होती. ओठांना साली सुटल्या. उठताना खांब धरायला लागायचा. सिंधू त्यांची पाठ चोळायला बसली की मणके बोटांना लागायचे.

तिनं घागर आणि करवंटी उचलली आणि नदीत गेली.

आपला झिरा नसताना दुसरीच्या झिऱ्यावर जाऊन उभं राहणं सोपं नाही. झिरा जिनं खांदला, जी रोज उपसते, पाणी तिचं. केवळाबाई ही शेजारीण, घराला घर लागून. सिंधूच्या अडचणीच्या दिवसांत तिनं सिंधूचा झिरा उपसून दिला होता, सिंधूनं तिचा. ती फडकं पिळत होती.

"केवळाबाई, तांब्याभर द्या. म्हातारीच्या पूजेपुरतं."

केवळाबाईनं वर बघितलं नाही. "तुमच्याकडं शिमिटचं हाय बाई. आमच्या वाळूतल्या पान्यानं कसं भागंल तुमचं?"

पलीकडच्या दोघी हसल्या.

"तसं नव्हं, मालकाची चूक झाली."

"चूक?" केवळाबाईनं आता बघितलं. "त्या भोकामुळं माझं पानीबी मचूळ व्हायलं. चाखून बघ. परवापर्यंत साखरंवानी व्हतं." तिनं करवंटी पुढं केली. सिंधूनं चाखलं. खरंच जिभेच्या कडेला खारट लागत होतं. सिंधूनं करवंटी परत दिली आणि रिकामी घागर काखेला मारून ती खालच्या अंगाला चालत राहिली, कारण सगळ्यांच्या देखत लगेच माघारी फिरणं जिवावर आलं होतं.

नदी जिथं वळते तिथं खडकाच्या आडोशाला वाळूचा एक जाड पट्टा राहिला होता. पांढरी, बारीक, धुतल्यासारखी वाळू. तिथं गौसियाचा झिरा होता. गौसियाचं सासर जळकोटातलं, पिंजाऱ्याचं. तिचा नवरा पाशामियाँ कापूस पिंजून गाद्या भरायचा. जळकोटातली जागा अपुरी पडली म्हणून नदीकाठाला त्यांनी पत्र्याचं शेड घातलं होतं आणि मागं दोन खोल्या. लातूरच्या पोरांना गाद्या लागायच्या. पाशामियाँ टेम्पो भरून तिकडं जायचा, आठ-आठ दिवस तिकडंच राहायचा. गौसियाच्या केसांत, भुवयांत बारीक कापूस अडकलेला असायचा.

"काय सिंधुबाई, घागर फिरवायला आनली काय नदीत?" ती म्हणाली.

सिंधूला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही. ती खाली बसली.

गावात काय झालंय ते गौसियाला ठाऊक होतं. तिनं आपली घागर भरली, बाजूला ठेवली आणि करवंटी सिंधूच्या हातात दिली. "घ्या. पर हळू. घाई केली की ह्येला राग येतो, गढूळ व्हतो."

"तुमच्या झिऱ्यावर मी—"

"इथं शेजारी दुसरा खांदला तर दोन्हीबी मरतील. वाळू इतकीच हाय. एकच ऱ्हाऊ दे. माझं झालं की तुमचं."

सिंधूनं वाळूवर गुडघे टेकले. करवंटी तिरकी धरून तळाला न लावता वरचं वरचं पाणी घेतलं. घागर भरायला वेळ लागला. गौसिया शेजारी बसून बोटांतला कापूस काढत राहिली.

"म्हातारीला काय सांगनार?" तिनं विचारलं.

"इचारलं तर खरं सांगनार."

"सांगूच नका ना."

"तीर्थ घेत्यात त्या त्येचं."

गौसियानं मान हलवली. तिला ते पटलं.

नागुबाईंनी विचारलंच. "कुनाच्या झिऱ्याचं?"

"गौसियाच्या."

नागुबाईंनी तांब्या होता तिथं ठेवला. त्या दिवशी पूजा कोरडीच झाली. दिवसभर त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सिंधूनं तांब्या हलवला नाही, त्याच्यावर वाटी झाकून ठेवली. विरूपाक्ष संध्याकाळी आला, झाकलेला तांब्या आणि आईचं तोंड बघून बाहेर म्हशीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सिंधू घागर घेऊन आली तेव्हा नागुबाई अंघोळ करून बसल्या होत्या.

"काढलं कुनी?"

"मीच."

"अंघोळ करून गेलीस?"

"हाव."

"मग मडीच, सोवळ्यातलंच हाय की," असं म्हणून नागुबाईंनी लिंग तळहातावर घेतलं आणि पाणी वाहिलं. तीर्थ घेताना त्यांच्या गळ्याची शीर हलली. त्या दिवशी त्या भाकरी आणि आमटी जेवल्या, पुन्हा आमटी मागून घेतली.

असे दिवस जायला लागले. पहाटे दोघी झिऱ्यावर. गौसिया उपसायची, सिंधू कड थापायची. उन्हं येताना सटवाजी मोटारसायकल खडकाशी लावून यायचा, ओल्या कडेकडं बघायचा.

"काय भाभी, झिरा चालता हाय?"

"तुमची नजर लागली न्हाई तर चालंल," गौसिया म्हणायची.

"आमच्या नजरंत वाळू हाय, पानी न्हाई," सटवाजी म्हणायचा आणि हसत जायचा. वाईट माणूस नव्हता. त्याला वाळू हवी होती, इतकंच.

गुढीपाडवा झाला आणि देगलूरहून निरोप आला. गौसियाची लेक रुखसार तिथं दिलेली, पहिलटकरीण. बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं, पण पाय सुजले, डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं. आईनंच तिकडं जायला हवं होतं. इकडं झिरा बघायला घरात दुसरी बाई नाही आणि पाशामियाँ तर लातुरात.

गौसियानं पेटी बांधली, आणि एसटीला जायच्या आधी नदीत आली. सिंधू घागर भरत होती.

"मी येईपर्यंत कड वाळू देऊ नका," ती म्हणाली. "म्हैना लागंल, जास्तबी लागंल. पोरगी पयली हाय. इथलं पानी गेलं तर आमाला शेड काढून जळकोटात जावं लागंल आनि तिथं गाद्या भरायला जागा कुठं?"

"न्हाई वाळू देनार," सिंधू म्हणाली. तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

गौसियानं तो हात धरला. "आन नक्को. आन घातली की मानसाला वझं व्हतं. नुस्तं हो म्हना."

"हो."

"बस झालं." गौसियानं वाकून एक ओंजळ प्यायली, ओढणीनं तोंड पुसलं आणि वाळूतून चढून सडकेकडं गेली.

त्यानंतर सिंधू एकटी जायची. अंधार विरत असताना उठायची, अंघोळ, मग नदी. आधी उपसा, मग कड, मग आपली घागर. एक दिवस अंग तापलं होतं तरी गेली.

मग एका संध्याकाळी सटवाजी घरी आला. ओसरीत बसला, चहा घेतला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. पाऊस, कारखाना, कुणाच्या पोरीचं जमलेलं लग्न. मग विरूपाक्षाला म्हणाला,

"लातूरच्या शेटची बिल्डिंग गिलाव्याला आलीय. त्येला बारीक, धुतलेली वाळू पायजे. आपल्या नदीत तसली वाळू आता एकाच जागी हाय."

विरूपाक्षानं मान डोलवली. ती जागा कोणती ते ओसरीत बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

"पोरींचं हास्टेल हाय ते. शेटला मी सांगितलं, आमच्या गड्याची लेक तुमच्या गल्लीत शिकती. तो म्हनला, वाळू वेळेवर पडू द्या, पोरीला बारावी व्हईपर्यंत खाट देतो. खिडकीजवळची. भाडं नको." सटवाजीनं बशी खाली ठेवली. "आनि विरूपाक्षा, भरायच्या गड्यांवर तू मुकादम. खोरं ठेवून दे आता. पाठ बघ तुझी."

त्यानं सिंधूकडं बघितलं नाही. उठताना चप्पल घालत म्हणाला, "मी कुनाचा चालता झिरा मोडनार न्हाई. पारावर शब्द दिलाय. कड कोरडी दिसली तरच."

तो गेला. जेवणं झाली. विरूपाक्ष बाजेवर बसून तळहाताला खोबऱ्याचं तेल चोळत होता. तळहाताच्या कातड्याला भेगा गेल्या होत्या.

"परवा पोरीचा फोन आला व्हता, सटवाजीच्या मोबाइलवर," तो म्हणाला. "तुला सांगितलं न्हाई मी."

"काय म्हनली?"

"काय म्हननार. हासत व्हती. खोलीत चौघीजणी, खाटा तीन. ही दाराजवळ खाली निजती. रातच्याला कुनी उठलं की हिच्यावरनं जातंय. अभ्यासाला जिन्यात बसती, तिथं दिवा असतोय म्हनून." त्यानं तेलाची वाटी सरकवली. "मी म्हनलं, पाठ दुखत आसंल. तर म्हनती, बाबा तुमच्यापेक्षा कमी दुखती."

सिंधू भांडी घासत होती. राख हाताला तशीच राहिली.

"तुला काय बी करायचं न्हाई," विरूपाक्ष म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता, विनवल्यासारखा. "कुनाचं नुकसान करायचं न्हाई, भांडायचं न्हाई. एक सकाळ उशिरा ऊठ. अंग दुखतंय म्हन. तेवढ्यानं व्हतंय."

"आनि गौसिया आली म्हंजी?"

"मी बोलंन तिच्याशी. मी पाया पडंन तिच्या. शिमिटचं कडं मी बसवलं, शिव्याबी मीच खाईन." त्यानं भेगाळलेला तळहात मिटला. "मला एक काम नीट करू दे, शिल्पीच्या माय. एक तरी."

आतून नागुबाईंचा आवाज आला. त्या निजल्या नव्हत्या.

"माझ्या पूजेपायी अडून बसू नगं सिंधू. दूध वाह्यलं तरी देवाला चालतंय. पोरीचं बघ."

सिंधू अंधारात बघत राहिली. पाण्यावाचून इतके दिवस उपाशी राहिलेली बाई आज दुधाची पूजा शोधून काढत होती. नातीसाठी. आता सासूच्या नेमाचंही निमित्त उरलं नाही. झिरा राखायला आता तिच्याजवळ काहीच कारण राहिलं नव्हतं. फक्त ती गौसियाला हो म्हणाली होती. ते तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना वाटत होतं, ती पाण्यासाठी जाते.

पहाटे तिला जाग आली ती पोटातल्या कळेनं. ती उठली आणि तिला कळलं. दिवस पुढं होते, पण आलं ते आलं.

बाहेरची असताना बाईनं झिऱ्यावर पाऊल टाकायचं नाही. हे कुणी पारावर ठरवलेलं नव्हतं, ते होतंच. आई पाळत होती, सिंधू पाळत होती, केवळाबाई पाळत होती. गौसियासुद्धा. त्या दिवसांत दुसरीनं उपसून द्यायचं. पण केवळाबाई आता बोलत नव्हती आणि दुसरी कुणी सटवाजीच्या वाटेत यायची नव्हती.

सिंधू मागच्या दारी गोठ्याच्या भिंतीशी पोतं टाकून बसली. आधी तिला बरं वाटलं. सांगायला निमित्तही नको, खोटं बोलायला नको, देवानंच उचलून बाजूला बसवलं. शिल्पा खिडकीजवळच्या खाटेवर पाय लांब करून निजलेली तिला दिसली. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतंय. तिनं गुडघ्यांत तोंड घातलं.

उजाडायला लागलं. वाऱ्याला अजून गारवा होता. गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली. घरात विरूपाक्ष जागा होता. त्याच्या बाजेची कुरकुर ऐकू येत होती, पण तो उठत नव्हता.

नागुबाई अंघोळ आटोपून मागच्या दारी आल्या आणि सुनेला पोत्यावर बघून थांबल्या.

"बसलीस व्हय?"

"हाव."

"बरं झालं," नागुबाई म्हणाल्या. "आपसूक झालं." त्यांनी पदर सारखा केला. "मग रडती का?"

सिंधूनं तोंड पुसलं. "आत्याबाई, मी गौसियाला हो म्हनलेय. जाताना ती म्हनली, कड वाळू देऊ नको. मी हो म्हनले."

"आन घातलीस?"

"घालत व्हते. तिनंच घालू दिली न्हाई. नुस्तं हो म्हन म्हनली."

नागुबाई उभ्याच होत्या. कोंबडा आरवला, दुसरा आरवला.

"काल का न्हाई बोललीस?"

"तुमी शिल्पीचं बोललात."

नागुबाईंनी पूर्वेकडं बघितलं. केवळाबाईच्या छपरामागं आभाळ पिवळं पडत होतं. त्या नदीत उतरल्याला पुष्कळ वर्षं झाली होती. गुडघे धरल्यापासून त्यांनी पाण्याला जाणं सोडलं होतं, देवळातसुद्धा सणासुदीलाच.

त्या आत गेल्या. फळीवरची करवंटी काढल्याचा आवाज आला. मग फडक्याची झटक. घागर त्यांना झेपणारी नव्हती. तिला त्यांनी हात लावला नाही.

"विरूपाक्षा," त्या म्हणाल्या. "माझी काठी कुठं हाय?"

बाज कुरकुरली.

"अव्वा, कुठं निघालीस?"

"नदीत. सुनंनं हो म्हनलंय कुनाला तरी. ती बसलीय भाईर."

सिंधू पोत्यावरून उठली. भिंतीला हात लावून उभी राहिली, दाराजवळ जाता येत नव्हतं. तिथून तिला ओसरीचा एक कोपरा दिसत होता. त्या कोपऱ्यात विरूपाक्ष येऊन उभा राहिला. उघडाच होता, दुखऱ्या पाठीवर कसून बांधलेल्या फडक्याच्या खुणा होत्या. त्याच्या हातात काठी होती. त्यानं ती धरून ठेवली, खालच्या टोकाकडं बघितलं, जणू ती मोडकी आहे की काय ते बघतोय. नदीच्या बाजूनं ट्रॅक्टर सुरू केल्याचा आवाज आला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

"उताराला धोंडे हायत," तो म्हणाला. "डाव्या अंगानं जा. पानंदीनं."

"ठाव हाय मला. तू जलमायच्या आधीपासनं जाते मी."

त्यानं काठी दिली.

नागुबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या, एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि काठीवर जोर देऊन उठल्या. करवंटी त्यांनी कमरेला खोचली होती. फडकं खांद्यावर टाकलं होतं. त्या अंगणातून निघाल्या. केवळाबाई दारात सडा टाकत होती, तिनं मान वर करून बघितलं, विचारलं, "नागुबाई, इतक्या सकाळी?" नागुबाईंनी नुसता हात हलवला आणि पाणंदीला लागल्या. डाव्या अंगानं, वाळूच्या वळणाकडं.